बीजांडकोशाचा कर्करोग पुन्हा का उद्भवतो?

(पंचायत सभागृहात भरलेल्या आरोग्य मेळाव्यात तालुका माहिती व प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. मी डॉक्टर नव्हे. मी कला शाखेचा पदवीधर असून शासनाच्या योजना व कामे यांची माहिती आपणापर्यंत पोहोचविणे एवढाच माझा अधिकार आहे. तरीही आज एका अवघड रोगाविषयी बोलावयास मी उभा आहे. त्याचे कारण कार्यालयीन नसून घरचे आहे. जे सांगणार आहे ते मी जाणत्या डॉक्टरांकडून समजावून घेतले आहे आणि त्यात चूक राहू नये म्हणून येथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी वाचून दाखविले आहे.

माझी थोरली बहीण खानापूर तालुक्यात दिलेली होती. आम्ही सारे तिला ताई म्हणत असू. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, २०१४ साली, तिच्या पोटात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, रसायनोपचार झाले, केस गेले आणि पुन्हा आले. घरात सत्यनारायण झाला. पुढे अडीच-तीन वर्षे बरी गेली आणि २०१८ साली रोग परत आला. त्या दिवशी रुग्णालयाच्या बाकावर बसून तिने मला एकच प्रश्न विचारला, "दादा, सगळे सांगितल्याप्रमाणे केले. मग माझे काय चुकले?"

त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधण्यात मी बराच काळ घालविला. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर होय.

रोगाची ओळख

स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस बदामाएवढे दोन बीजांडकोश असतात. कोणी त्यांस अंडाशय म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात 'ओव्हरी' हा शब्द येतो. स्त्रीबीज तयार करणे व स्त्रीत्वाची संप्रेरके निर्माण करणे हे त्यांचे कार्य. या अवयवाच्या कर्करोगाचा जो प्रकार सर्वाधिक आढळतो, त्याचा उगम पुष्कळदा बीजांडकोशाला लागून असलेल्या बीजवाहक नलिकेच्या टोकाशी होतो, असे अलीकडील संशोधनाने दाखविले आहे.

२०२२ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख २४ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे ४७ हजार स्त्रिया भारतातील होत्या. स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगापेक्षा ही संख्या कमी आहे, परंतु घातकपणात हा रोग मागे नाही. याचे मुख्य कारण असे की तो उशिरा कळतो. स्तनातील गाठ हाताला लागते. बीजांडकोश पोटाच्या खोल पोकळीत दडलेला असतो. पोट फुगते, दोन घास खाताच भरल्यासारखे वाटते, ओटीपोटात दुखते, लघवीला वारंवार जावे लागते, एवढीच काय ती लक्षणे. आमच्या बायका त्यांना वात म्हणतात, अपचन म्हणतात, वयाचा परिणाम म्हणतात, आणि ओव्याचे पाणी पिऊन कामाला लागतात.

स्तनाच्या कर्करोगाप्रमाणे निरोगी स्त्रियांची सरसकट चाचणी करून हा रोग आधीच पकडता येईल काय, याचा शोध ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर घेण्यात आला. त्याचा अंतिम निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला आणि तो निराशाजनक होता. चाचण्यांमुळे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणूनच लक्षणांकडे लक्ष देणे हाच सामान्य स्त्रीपुढचा व्यवहार्य मार्ग उरतो.

'बरा झाला' याचा अर्थ

उपचार संपतात, सोनोग्राफी वा सीटी स्कॅनमध्ये काही दिसत नाही, रक्ताची चाचणी सामान्य येते, तेव्हा डॉक्टर 'रोग सध्या दिसत नाही' असे म्हणतात. घरची मंडळी त्याचा अर्थ 'रोग गेला' असा लावतात. या दोन वाक्यांतील अंतर समजून घेतले पाहिजे.

आपणांपैकी बहुतेक जण शेतकरी आहेत. लव्हाळा उपटला की शेत स्वच्छ दिसते. पण मातीत त्याची लहानशी गाठ राहिली असेल, तर पहिल्या पावसाबरोबर तो पुन्हा डोके वर काढतो. त्यात उपटणाऱ्याचा आळस असतोच असे नाही. गाठ डोळ्यांना दिसतच नाही. कर्करोगाच्या पेशींचेही तसेच आहे. लाखो पेशी एकत्र असल्या तरी त्यांचा पुंजका यंत्राला दिसेल एवढा मोठा नसतो. औषधांनी इतर पेशी मेल्या तरी काही पेशी सुप्त राहतात, काही औषधाला दाद देईनाशा होतात, आणि कालांतराने त्यांचीच वाढ होते. यालाच रोगाचा पुनरुद्भव म्हणतात. या रोगात तो बहुधा पोटाच्या आतील अस्तरावर आढळतो आणि पुष्कळ रुग्णांत पहिल्या दोन-तीन वर्षांतच होतो.

पुनरुद्भवाशी संबंधित कारणे

पहिले कारण, रोगाची अवस्था. रोग एका किंवा दोन्ही बीजांडकोशांपुरता मर्यादित असेल तर ती पहिली अवस्था. तो ओटीपोटात पसरला तर दुसरी, पोटाच्या अस्तरावर वा तेथील लसिकाग्रंथींत पोहोचला तर तिसरी, आणि फुप्फुसाचे आवरण, यकृताचा अंतर्भाग अशा दूरच्या ठिकाणी गेला तर चौथी. पहिल्या अवस्थेत उपचार झालेल्या शंभर स्त्रियांपैकी साधारणतः वीस-पंचवीस जणींत रोग परत येतो. तिसऱ्या व चौथ्या अवस्थेत हे प्रमाण सत्तर ते ऐंशीपर्यंत जाते. दुर्दैवाने बहुसंख्य स्त्रिया याच दोन अवस्थांत रुग्णालयात पोहोचतात.

दुसरे कारण, रोगाची जात. बीजांडकोशाचा कर्करोग हा एकच रोग नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे अनेक प्रकार दिसतात. एक प्रकार झपाट्याने वाढतो. तो औषधाला प्रथम चांगली दाद देतो, परंतु परतण्याची त्याची प्रवृत्ती मोठी असते. दुसरा सावकाश वाढतो, पण औषधांना फारसा जुमानत नाही. लहान वयाच्या मुलींत आढळणारा बीजपेशींचा प्रकार मात्र योग्य उपचारांनी बहुधा पूर्ण बरा होतो. म्हणून काढलेली प्रत्येक गाठ पेशीतज्ज्ञाकडे तपासणीस पाठविणे अगत्याचे असते.

तिसरे कारण मला विशेष विस्ताराने सांगावयाचे आहे, कारण माणसाच्या हाती जे काही आहे त्यातील सर्वांत मोठा वाटा त्याचा आहे. ते म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेनंतर पोटात किती रोग शिल्लक राहिला हे होय.

अमेरिकेतील ग्रिफिथ्स या शल्यविशारदांनी १९७५ साली दाखवून दिले की, शस्त्रक्रियेनंतर राहिलेला रोगाचा तुकडा जितका मोठा, तितके रुग्णाचे आयुष्य कमी. पुढे २००९ साली ३,१२६ रुग्णांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पोटात डोळ्यांना दिसेल असा रोग मुळीच शिल्लक राहिला नव्हता, त्यांच्यातील निम्म्या स्त्रिया ९९ महिन्यांहून अधिक जगल्या. एक सेंटीमीटरपर्यंतचे अवशेष राहिलेल्यांत हीच मर्यादा ३६ महिन्यांची होती, आणि त्याहून मोठे अवशेष राहिलेल्यांत सुमारे ३० महिन्यांची. ज्या स्त्रीचा रोग मुळातच कमी उग्र, तिची शस्त्रक्रियाही सोपी, हे यात गृहीत धरले पाहिजे. तरीसुद्धा हा फरक डोळ्यांआड करण्याजोगा नाही.

याचा अर्थ असा की पहिली शस्त्रक्रिया ही अनुभवी हातांनी, पूर्ण तयारीनिशी व्हावयास हवी. स्त्रियांच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियांचे विशेष शिक्षण घेतलेले तज्ज्ञ आता आपल्याकडे आहेत. गाठ संशयास्पद वाटत असेल तर ती त्यांच्याकडेच गेली पाहिजे. रोग फार पसरलेला असेल तर आधी रसायनोपचाराचे तीन फेरे देऊन तो आक्रसू देतात, मग शस्त्रक्रिया करून उरलेले फेरे पूर्ण करतात. हा निर्णय तज्ज्ञांचा आहे. त्यात 'ऑपरेशन लवकर का करीत नाही' असा घाईचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

ताईच्या बाबतीत काय घडले ते सांगतो. पहिली शस्त्रक्रिया जवळच्या एका लहान रुग्णालयात, साधी गाठ समजून झाली. गाठ काढताना फुटली. तिचा तुकडा तपासणीस गेला नाही. आठ महिन्यांनी पोटात पाणी झाले तेव्हा आम्ही तिला शहरातील मोठ्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद कोठे आहे?" ताईने आपली कापडी पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. तिच्यात औषधांची बिले होती, देवाचा अंगारा होता, रेशन कार्डाची प्रत होती. तो कागद मात्र नव्हता, कारण तो आम्ही कधी मागितलाच नव्हता.

बीजांडकोशापुरता मर्यादित असलेला रोग शस्त्रक्रियेच्या वेळी फुटला, तर त्याच्या परतण्याचा धोका वाढतो, असे मानले जाते. ताईचा रोग त्यामुळेच पसरला काय, हे मी डॉक्टरांना विचारले. "निश्चित सांगता येणार नाही; सांगण्यासाठी लागणारा कागदच आपल्याकडे नाही," असे ते म्हणाले. कोणावर दोषारोप करण्यासाठी मी हे बोलत नाही. साधी वाटणारी गाठ पुष्कळदा खरोखरच साधी असते, आणि प्रत्येक गाठीला कर्करोग समजून घाबरणेही चुकीचे आहे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफी व आवश्यक ती रक्तचाचणी झाली काय, आणि काढलेली गाठ तपासणीस गेली काय, हे दोन प्रश्न आम्ही विचारावयास हवे होते. आपण ते विचारावेत.

औषधांची दाद आणि फेऱ्यांचे सातत्य

चौथे कारण, औषधांना मिळणारा प्रतिसाद. या रोगावरील प्रमुख औषध प्लॅटिनम या धातूपासून बनते. त्याची कथा मनोरंजक आहे. १९६५ साली अमेरिकेतील बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेच्या प्रवाहाचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले, पण ते विजेमुळे नव्हे. प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून द्रावणात उतरलेल्या संयुगामुळे ते थांबले होते. त्यातून 'सिसप्लॅटिन' हे औषध निघाले आणि १९७८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मूत्रपिंडाला कमी जाच करणारे 'कार्बोप्लॅटिन' हे त्याचे पुढचे भावंड.

त्याच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या 'पॅक्लिटॅक्सेल' या औषधाशी महाराष्ट्राचा संबंध आहे, हे ऐकून आपणांस अभिमान वाटेल. १९२५ साली नंदुरबार येथे जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेले डॉ. मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल या सहकाऱ्यासमवेत पॅसिफिक यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून हे द्रव्य वेगळे केले आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. १९९२ साली अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली ती, आधीच्या उपचारांनंतरही न हटलेल्या बीजांडकोशाच्या कर्करोगासाठीच. डॉ. वाणी २०२० साली निवर्तले. खानदेशातील एका विद्यार्थ्याच्या चिकाटीमुळे जगातील असंख्य स्त्रियांच्या आयुष्यात काही वर्षांची भर पडली आहे.

सामान्यतः दर तीन आठवड्यांनी एक, असे या औषधांचे सहा फेरे देतात. दोन-तीन फेऱ्यांनंतर पोटातील पाणी ओसरते, भूक लागते, स्त्री घरात वावरू लागते. नेमके तेव्हाच 'आता बरी झाली, पुढचे कशाला' असा विचार घरात शिरतो. भाताची लावणी येते, चतुर्थी येते, मुलीचे लग्न येते, आणि फेरा लांबतो. रक्तातील पेशी कमी झाल्या म्हणून डॉक्टरांनी फेरा पुढे ढकलणे वेगळे आणि आपण होऊन तो टाळणे वेगळे. अर्धवट औषध हे अर्धवट उपटलेल्या लव्हाळ्यासारखे असते.

प्लॅटिनमच्या औषधाचा शेवटचा फेरा आणि रोगाचे परतणे यांत किती काळ गेला, यालाही मोठे महत्त्व आहे. सहा महिन्यांच्या आत रोग परतला तर त्या औषधाला तो बहुधा पुन्हा नीट दाद देत नाही. वर्षाहून अधिक काळ गेला असेल तर तेच औषध पुन्हा चांगले काम करण्याचा संभव असतो. म्हणून शेवटच्या फेऱ्याची तारीख घरात लिहून ठेवावी.

आनुवंशिक दोष

पाचवे कारण रक्ताच्या नात्यातून येते. १९९४ व १९९५ साली शास्त्रज्ञांनी 'बीआरसीए एक' व 'बीआरसीए दोन' ही दोन जनुके ओळखून काढली. पेशीतील जनुकीय धाग्याची मोडतोड झाली की ती दुरुस्त करणे हे त्यांचे काम. त्यांत जन्मजात दोष असेल तर स्तनाचा व बीजांडकोशाचा कर्करोग होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. या रोगाच्या साधारणतः पाच-सहा रुग्णांपैकी एकीत असा दोष सापडतो.

येथे निसर्गाची एक विचित्र गंमत आहे. ज्या दोषामुळे रोग होतो त्याच दोषामुळे तो प्लॅटिनमच्या औषधाला अधिक चांगली दाद देतो, आणि 'ओलापॅरिब'सारख्या गोळ्यांनाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा दोष असलेल्या, रोग पुढे गेलेल्या पण पहिल्या उपचारांना दाद मिळालेल्या ३९१ स्त्रियांची पाहणी झाली. तीन वर्षांनंतर, गोळ्या घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे साठ स्त्रियांत रोग वाढलेला वा परतलेला नव्हता. गोळ्या न मिळालेल्यांत ही संख्या सुमारे सत्तावीस होती. सात वर्षांनंतर पहिल्या गटातील शंभरांपैकी ६७ जणी हयात होत्या, दुसऱ्या गटातील सुमारे ४६. एवढ्या हट्टी रोगात हा फरक लहान नव्हे. म्हणून ही तपासणी प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

आमच्या घरी ही तपासणी ताईचा रोग परतल्यावर झाली आणि दोष सापडला. तेव्हा आईला आठवले की आमच्या आत्याही पोटात पाणी होऊन गेल्या होत्या. तोवर कोणी ही सांगड घातली नव्हती. बायकांचा आजार आईकडूनच येतो, अशी आपली समजूत. वास्तविक हा दोष वडिलांकडूनही तेवढाच येतो. पुरुषाला तो असला तरी त्याला बहुधा काही जाणवत नाही, पण तो मुलींना देऊ शकतो. मला दोन मुली आहेत, म्हणून मीही रक्त तपासून घेतले. निकाल काय आला ते सांगण्याची ही जागा नव्हे. परंतु पुरुषांनी तपासून घेण्यात कमीपणा नाही, हे सांगण्याची मात्र ही जागा आहे.

जी कारणे नव्हेत

ताईच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे येते. रोग परतल्यावर गावात नाना तर्क निघाले. नवस फेडला नाही म्हणून झाले, दृष्ट लागली, ताक-भात खाल्ला, लावणीला वाकली, नवऱ्याची नीट सेवा केली नाही, मनाने हळवी म्हणून झाले. एका जवळच्या बाईने तिचे पाण्याचे भांडे वेगळे ठेवले.

यांपैकी एकही कारण खरे नाही. हा रोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने वा पतिपत्नींच्या सहवासाने लागत नाही. काम केल्याने तो परतत नाही आणि काम सोडल्याने थांबत नाही. चौरस आहार घ्यावा, तंबाखू सोडावी, झेपेल तेवढे चालावे-फिरावे. याने अंगी बळ राहते आणि उपचार सोसतात. परंतु ज्या स्त्रीचा रोग परतला तिने काही खाल्ले म्हणून वा काही केले नाही म्हणून तो परतला, असे म्हणणे अज्ञान तर आहेच, शिवाय क्रौर्यही आहे. अवस्था, जात, शिल्लक राहिलेला रोग, औषधाची दाद आणि जनुके यांपैकी कोणती गोष्ट त्या बाईच्या हाती होती? उत्तम शस्त्रक्रिया व सर्व फेरे होऊनही अनेकींत रोग परततो, हे कटू सत्य आहे. ते सांगितले पाहिजे, कारण ते दडविले की दोष रुग्णाच्या माथी येतो.

उपचारानंतरची दक्षता

पहिली दोन वर्षे दर दोन ते चार महिन्यांनी, पुढील तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा, अशी तपासणीची साधारण रीत आहे. मधल्या काळात पोट फुगणे, भूक मंदावणे, शौचाच्या सवयीत बदल, दम लागणे, सतत दुखणे असे काही आठवडाभराहून अधिक टिकले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

रक्तातील 'सीए-१२५' या द्रव्याची चाचणी आपणांपैकी काहींनी ऐकली असेल. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती विकसित झाली. ३५ पर्यंतचा आकडा सामान्य मानतात. रोग परतण्यापूर्वी काही महिने तो पुष्कळदा चढू लागतो. त्यामुळे काही घरांत हा आकडा पंचांगासारखा पाहिला जातो. थोडा चढला की झोप उडते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ५२९ स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाला आकडा चढताच औषधे सुरू केली, दुसऱ्याला लक्षणे दिसल्यावर. दोन्ही गटांतील स्त्रिया सारख्याच काळ जगल्या. ज्यांना औषध आधी मिळाले त्यांचा त्रास मात्र आधी सुरू झाला. त्यानंतर नवी औषधे व शस्त्रक्रियेच्या नव्या संधी आल्या आहेत, म्हणून चाचणी करावी की नाही, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. केवळ आकड्याच्या भीतीने जगू नये, एवढेच तात्पर्य.

रोग परतला तर

परतलेला रोग समूळ बरा होणे विरळा, हे मी लपविणार नाही. परंतु 'आता काही उरले नाही' हेही खरे नाही. औषधांचे फेरे पुन्हा देता येतात. काही निवडक रुग्णांत दुसरी शस्त्रक्रियाही उपयोगी पडते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात, प्रकृती चांगली असलेल्या, पहिल्या वेळी रोग पूर्ण काढलेल्या आणि पोटात फारसे पाणी नसलेल्या स्त्रियांना तिचा लाभ झाला. दोन वर्षे आधीच्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र तो दिसला नव्हता. म्हणून निवड काळजीपूर्वक करावी लागते. आणि औषधे थकली तरी वेदना कमी करणे, पोटातील पाणी काढणे, झोप व अन्न गोड लागेल असे पाहणे, ही शुश्रूषाही उपचारच आहे. ती मागण्यास संकोच नको.

आपली कर्तव्ये

ग्रामस्थांनी एवढे करावे. पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रीचे पोट फुगते, भरल्यासारखे वाटते, दुखते, लघवीचा त्रास होतो, आणि हे अलीकडे सुरू होऊन महिन्यातील बारा दिवसांहून अधिक दिवस होत आहे, असे दिसताच तिला आरोग्य केंद्रात आणावे. शस्त्रक्रियेचा तपशील, पेशीतपासणीचा अहवाल आणि प्रत्येक फेऱ्याची नोंद यांच्या प्रती मागून घ्याव्यात व एका फाइलीत ठेवाव्यात. कागद मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे.

शिक्षकांना विनंती की, ज्या मुलाची आई उपचार घेत आहे त्याच्या गैरहजेरीकडे दोन समजुतीचे डोळे ठेवावेत, आणि हा रोग संसर्गजन्य नाही हे वर्गात सांगावे. मुले ते घरी नेतात.

आम्हा अधिकाऱ्यांचे कर्तव्य म्हणजे आर्थिक साहाय्याची माहिती वेळेवर देणे. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणि देशात २०१८ पासून प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आहे. आपले कार्ड चालू आहे काय आणि कोणते उपचार त्यात बसतात, हे पंचायत सचिवांकडे वा माझ्या कार्यालयात विचारावे. दुसऱ्या फेऱ्यासाठी गाय विकल्यानंतर माहिती मिळण्यापेक्षा पहिल्या फेऱ्यापूर्वी ती मिळालेली बरी.

बंधुभगिनींनो, रोग परतल्यानंतर ताई चार वर्षे जगली. त्यात औषधांचे दिवस होते, तसे चांगले दिवसही होते. तिने मुलीचे लग्न पाहिले, नातीचे बारसे केले. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला उशिरा का होईना, दिले. मी म्हणालो, "ताई, तुझे काही चुकले नाही." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग हे त्या सगळ्यांना सांग."

ते सांगण्यासाठीच मी आज येथे आलो. सभेनंतर वैद्यकीय अधिकारी तासभर येथेच बसणार आहेत. ज्या भगिनींना काही विचारावयाचे असेल त्यांनी संकोच न करता विचारावे. जय हिंद.